कलम चौदा : किरकोळ

थोरलीला कोणी काही विचारलं, की उत्तर तयार असायचं. पण तिला स्वतःला कोणाला काही विचारायचं असलं, की बाईची जीभ टाळ्याला चिकटलीच म्हणून समजा. तशी तोंडाची फटकळ. कापडाच्या ठोक दुकानदाराला एका वाक्यात गार करील, खिडकीचं माप चुकीचं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्याच घरात उभं करून झापील. पण आपल्या माणसाला मनातलं विचारणं म्हणजे हात पसरणं, असं तिने कुठून शिकून घेतलं होतं देव जाणे. नवऱ्याला कधी "जेवलात का?" म्हणून विचारलं नाही. ताट वाढून समोर आदळायचं, की झालं.

त्यामुळे पडद्यांच्या कड्या आणि हुक विकणारा माणूस एक दिवस सहज म्हणाला, "तुमच्या धाकट्या जाऊबाई चालल्या म्हणे दुसऱ्या गावी? शिवणशाळेत शिकवायला?" तेव्हा थोरलीने चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू दिली नाही. "मग? जाईल की. हुशार आहे ती," असं म्हणून कड्यांची पिशवी उचलली आणि घरी आली.

आता या दोघींचं कसं होतं ते सांगायला हवं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा पडदे शिवायचा कारखाना. कारखाना म्हणजे मधोमध एक लांबरुंद टेबल, त्यावर थोरलीची कात्री, खडू आणि टेप. खिडकीशी धाकटीचं शिवणयंत्र. आणि उरलेल्या जागेत कापडाचे गठ्ठे, त्यांतून वाट काढत चालणारा थोरलीचा नवरा. मापं घेणं आणि दांड्या बसवणं हे काम त्याच्याकडे. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिचा नवरा महिनाभरातच बोटीवर नोकरीला परत गेला. नवी नवरी खिडकीशी बसून सुस्कारे टाकते हे थोरलीला बघवेना. तिने अर्धवट दुमडलेला एक पडदा तिच्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "सुस्कारे टाकतेच आहेस, तर एवढी कड पण टाक." तेव्हापासून जी सुरुवात झाली ती आजतागायत. थोरली कापणार, धाकटी शिवणार. थोरलीला शिवता येत नव्हतं असं नाही, पण तिची शिवण बघून गिऱ्हाईक विचारायचं, हलत्या बोटीवर बसून शिवलीत का?

बोटीवरचा नवरा वर्षातून एकदोनदा उगवायचा, आणि चॉकलेटं वाटून मावळायचा. थोरलीची स्वतःची मुलं आपापल्या वाटेने गेलेली. म्हणजे दिवसभर बोलायला कोण, तर एकमेकी. यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची इतकी सवय झाली होती, की यंत्र बंद असतानाही दोघी ओरडूनच बोलत. शेजाऱ्यांना वाटायचं रोज भांडणं चालतात.

आणि ही धाकटी आता जाणार, आणि तोंडातून चकार शब्द नाही! थोरलीने एक दिवस वाट पाहिली, दोन दिवस पाहिली. मग भिंतीशी बोलायला सुरुवात केली. "शाळेत शिकवायचं म्हणजे घसाफोड नुसती. आणि मुली काय शिकतात हल्ली, सुईत दोरा ओवता येत नाही." धाकटी म्हणाली, "हं." तोंडात टाचण्या धरल्या असल्या की धाकटी 'हं'च्या पुढे जात नसे, आणि हल्ली तिच्या तोंडात टाचण्या जरा जास्तच असायच्या.

अशातच स्टेशनासमोरच्या नव्या हॉटेलची ऑर्डर चालून आली. सगळ्या खोल्यांचे पडदे, अस्तरासकट. हॉटेलचा मॅनेजर कालपरवा मिसरूड फुटलेला पोरगा, पण बोलणं असं की जणू हॉटेलं बांधतच जन्माला आला. म्हणाला, "तुमच्या दोघींचा भागीदारीचा करार लागेल. उद्या तुमच्यातली एक निघून गेली, तर आमचे पडदे कोणाकडे मागायचे?"

एरवी थोरलीने त्याला तिथेच उभा आडवा कापला असता. इतकी वर्षं शब्दावर काम केलं, आता हा कागद मागतो! पण 'निघून गेली तर' हे तिच्या कानात घुसलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. विचारायची गरजच काय? करार करू. करारात बांधून टाकू. हॉटेलचं निमित्त, कागदाचं काम, आपण काही हात पसरला नाही. "आणते करार," ती म्हणाली. इतक्या गोड आवाजात, की मागे उभा असलेला नवरा दचकला.

वकीलबाईंचं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. जिना असा अरुंद, की अशिलांनी एकमेकांशी भांडायचं असेल तर रांगेतच भांडावं लागे. वकीलबाई बारीक चणीच्या, केस आखूड, आणि पेन्सिलीचं मागचं टोक चावून चावून त्यांनी पार कुंचल्यासारखं करून टाकलेलं. थोरलीने एका दमात सगळं सांगितलं. वकीलबाई म्हणाल्या, "हं. म्हणजे तुम्हाला एक लांबलचक कागद हवा आहे असं वाटतंय. तसं नाही चालत. करार म्हणजे घर. प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी हवी. आलेल्या पाहुण्याला कोणालाही न विचारता न्हाणीघर सापडलं पाहिजे."

मग त्यांनी खोल्या दाखवल्या. पहिलं कलम व्याख्या. मग कोणी काय काम करायचं. मग नफ्यातोट्याची वाटणी. मग वाद झाला तर काय. मग अटळ परिस्थिती, म्हणजे पूर, आग, भूकंप. मग मुदत आणि समाप्ती. आणि मागे परिशिष्ट, म्हणजे माळाच म्हणा ना. मापांचे तक्ते आणि कापडांचे नमुने तिथे चढवून ठेवायचे.

"तर पहिलं. पडदा म्हणजे काय?" वकीलबाईंनी विचारलं.

"पडदा म्हणजे पडदा!"

"असं म्हणालात, तर हॉटेलवाला उद्या उशांचे अभ्रेही त्यातच मागेल. व्याख्येत काय येतं ते लिहायचं, आणि काय येत नाही तेही लिहायचं. एकदा व्याख्या केली, की पुढे जिथे तो शब्द येईल तिथे एवढाच अर्थ. जास्त नाही, कमी नाही."

हे मात्र थोरलीला बेहद्द आवडलं. असं घरात का नसतं बरं? तिने पदर खोचला आणि व्याख्या सांगायला बसली. पडदा म्हणजे खिडकीवर किंवा दारावर टांगायचं, अस्तर असलेलं वा नसलेलं, खाली दुमड घातलेलं कापड; यात उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं आणि मॅनेजरच्या बायकोचे झगे येत नाहीत. कामाचा दिवस म्हणजे ज्या दिवशी दोघींची डोकी ठिकाणावर असतील तो दिवस. इथे वकीलबाईंनी हात वर केला. "डोकी कोण तपासणार? सोमवार ते शनिवार लिहिते." पहिला पक्ष म्हणजे थोरली, दुसरा पक्ष म्हणजे धाकटी. यावर चर्चाच नव्हती.

गाडी मुदत आणि समाप्तीवर आली, आणि थोरलीने खोचलेला पदर सोडला.

"कोणाला बाहेर पडायचं असेल तर कसं, ते इथे लिहायचं," वकीलबाई म्हणाल्या.

"लग्न लावताना कोणी काडीमोडाची बोलणी करतं का?"

"शहाणी माणसं करतात," वकीलबाई पेन्सिल चावत म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून त्यांनी स्वतः केली नसावीत असं वाटलं.

थोरलीने इकडेतिकडे पाहिलं. मग टेबलावर पुढे झुकून विचारलं, "असं लिहिता येईल का, की दहा वर्षं कोणी सोडून जायचं नाही? दुसरीकडे काम पण करायचं नाही?"

"लिहिता येईल. टिकेल का ते सांगत नाही. माणसाला मनाविरुद्ध यंत्रावर बसवून ठेवणारं कोर्ट मी अजून पाहिलं नाही."

"पण लिहिता येईल."

"लिहायला काय हो, काहीही येतं."

"मग लिहा. पण समाप्तीखाली नको. तिथे सगळे आधी बघतात." थोरलीने चाचपून पाहिलं. "सगळ्यात शेवटी कुठली खोली असते?"

"किरकोळ. पत्ता बदलला तर कळवावं, प्रत दोघींनी ठेवावी, असलं काहीबाही."

"तिथे टाका."

वकीलबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "टाकते. कलम तेरात मी नेहमी लिहितेच, की मथळे केवळ सोयीसाठी आहेत, त्यांवरून मजकुराचा अर्थ लावू नये. पाटी किरकोळची असली तरी आतला मजकूर तेवढाच बांधतो. पण बाई, करार दोघींचा आहे. मसुदा आठवडाभर त्यांच्या हातात राहील, त्यांनी मला काही विचारलं तर मी खरं सांगेन. लपवाछपवी मला चालणार नाही."

"लपवतंय कोण? कागदावरच तर आहे!" थोरली म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या बायका अगदी याच आवाजात बोलतात.

मसुदा घरी आला आणि घराचं कोर्ट झालं. पहिला बिघडला थोरलीचा नवरा. हॉटेलच्या दांड्यांची मापं घ्यायला जा म्हटलं, तर हा गृहस्थ पलंगावर आडवा, डोळ्यांवर हात. म्हणाला, "कलम अकरा."

"काय कलम अकरा?"

"अटळ परिस्थिती. पूर, आग, भूकंप, किंवा पक्षाच्या ताब्यात नसलेली कोणतीही घटना. झोप माझ्या ताब्यात नाही."

"दादा," खिडकीशी बसूनच धाकटी म्हणाली, "कलम अकरा नीट वाचा. अटळ परिस्थिती आली की ताबडतोब लेखी कळवायचं असतं. तुम्ही झोपायच्या आधी चिठ्ठी दिलीत का?"

"आणि मुख्य म्हणजे, तुम्ही पक्षच नाही आहात!" थोरली ओरडली. "दोनच पक्ष आहेत. उठा!"

तो बिचारा उठला, पण दारात थांबून म्हणाला, की ज्याला कुठल्याच कलमात जागा नाही त्याने जेवायचं कुठे, तेही एकदा लिहा. धाकटी इतकी हसली की तोंडातल्या टाचण्या जमिनीवर सांडल्या. मग दोघी जणी गुडघ्यांवर बसून टाचण्या वेचत होत्या आणि हसत होत्या, आणि थोरलीला वाटलं, बघा, सगळं ठीक आहे, कुठे जातेय ही!

आणि मग तिच्या लक्षात आलं, आणि हसू तोंडातच विरलं. हिने कलम अकरा वाचलं आहे. नीट वाचलं आहे. मग चौदापर्यंत जायला असा किती वेळ लागणार?

खरं सांगायचं तर धाकटी चौदापर्यंत गेलीच नव्हती. तिने चौदापासूनच सुरुवात केली होती. थोरलीसारख्या शहाण्या बाईच्या हे ध्यानात कसं आलं नाही, याचंच नवल. धाकटी शिवून झालेला पडदा तपासायची तो कधी सुलट बाजूने नाही. आधी उलटा करायचा, खालची दुमड हातात घ्यायची आणि तिथून वर वर जायचं. वरची बाजू सगळेच छान करतात, म्हणायची. हयगय केलेली असते ती आतून आणि खालून. करार हातात आल्याबरोबर तिने सवयीने तो पालथा घातला, शेवटचं पान वर घेतलं आणि खालून वाचायला लागली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा तो असा.

दुसऱ्या दिवशी थोरलीने मसुदा चोरून पाहिला. शेवटच्या पानाला, बरोबर त्या ओळीवर, एक टाचणी टोचलेली होती. बाकी काही खूण नाही, रेघ नाही, काही नाही.

झालं! खाई त्याला खवखवे. आता धाकटी बोलेल, मग बोलेल, म्हणून थोरली कात्री धरून बसली. धाकटी बोलेना. यंत्र मात्र असं धावत होतं, की एका दुपारी एका खोलीचे पडदे तयार. थोरलीचं चित्त कापडावर राहीना. हॉटेलचा भारी निळा तागा टेबलावर पसरला, खडूने रेघ मारली, कात्री चालवली. कापून होईपर्यंत काही कळलं नाही. कळलं ते तुकडे धाकटीच्या हातात गेल्यावर.

धाकटीने यंत्र थांबवलं. तुकडा खिडकीच्या उजेडात धरला, टेप लावला. "दुमडीचं सोडलं नाहीत," ती म्हणाली.

थोरलीने आयुष्यात असं कधी केलं नव्हतं. खिडकीएवढंच कापड, कडेला दुमडायला बोटभरही जागा नाही. तिचे कान लाल झाले. "असेल. माणूस आहे. चुकतं माणसाचं."

धाकटीने तोंडातून एकेक टाचणी काढली आणि एकेक करून उशीत खोचली. हे लक्षण काही बरं नव्हतं.

"जाऊबाई, कलम चौदा."

"हं?"

"दहा वर्षं मी कुठे जायचं नाही. दुसरीकडे काम करायचं नाही."

"मग? हॉटेलवाल्याने सांगितलं तसं..."

"हॉटेलवाल्याला मी फोन केला. त्याला पडदे हवेत. दहा वर्षं आपण दोघी नकोत."

"वकीलबाई म्हणाल्या..."

"त्यांनाही केला."

"सगळ्या जगाला फोन करतेस! मला विचारलं नाहीस ते?"

"तुम्ही मला विचारलंत?"

यंत्र बंद होतं, तरी दोघी नेहमीसारख्या ओरडून बोलत होत्या. नवरा आतल्या खोलीतून डोकावला, परिस्थिती अटळ आहे हे ओळखून परत गेला.

थोरलीने खडू उचलला, ठेवला. "बांधून घातलं म्हणून राग आला असेल तुला."

"बांधलंत त्याचा राग नाही." धाकटीचा आवाज खाली आला, आणि तेच जास्त वाईट होतं. "वेसण घातलीत, पण मी तुम्हाला हवी म्हणून घातलीत ना? त्याचं उलट मला... ते जाऊ दे. राग आला तो किरकोळचा. पत्ता बदलल्यास कळवावे, कागदाची प्रत जपून ठेवावी, आणि मधे मी! सतरंजीखाली केर लोटावा तशी. इतकी वर्षं शेजारी बसले, आणि माझं राहणं-जाणं काय, तर किरकोळ?"

"अगं, वेडी का खुळी तू! ते मथळे नुसते सोयीसाठी असतात. कलम तेरात लिहिलंय. त्यावरून अर्थ लावायचा नसतो!"

"वकिलांनी लावायचा नसतो," धाकटी म्हणाली. "मी जाऊ आहे."

थोरलीने आपली चप्पल शोधली. "चल," म्हणाली.

"कुठे?"

"वरती. चष्म्याच्या दुकानावर. ते पान काढून टाकू."

निघताना धाकटीने तो आखूड निळा तुकडा उलटसुलट करून पाहिला. "याला खाली राखाडी पट्टी लावू. सगळ्याच पडद्यांना लावू, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसेल," ती रागातच म्हणाली. काम ते काम.

जिन्यावर जागा नव्हती म्हणून एकीमागे एक चढल्या. वकीलबाईंनी दोघींचे चेहरे पाहिले आणि न विचारता दुसरी खुर्ची ओढली. कलम चौदामधल्या त्या ओळीवर त्यांनी रेघ मारली. बाजूला दोघींची आद्याक्षरं घेतली. मग पानं मागे उलटली. "आता हे खरं जिथे हवं होतं तिथे लिहू. मुदत आणि समाप्ती." त्या धाकटीकडे वळल्या. "तर दुसरा पक्ष. तुम्हाला..."

"थांबा!" थोरली म्हणाली. "ते मी विचारणार."

वकीलबाई थांबल्या. धाकटीने मान वर केली. आणि थोरलीची, काय सांगावं, तीच गत. जीभ टाळ्याला. तिने पदराने कपाळ पुसलं. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. खाली दुकानात कोणीतरी अक्षरं वाचून दाखवत होतं, मोठ्यापासून बारीकपर्यंत, आणि बारीक अक्षरांपाशी अडत होतं.

"जाणार आहेस का गं तू?"

एवढंच. पण असं विचारलं, की वकीलबाईंनी पेन्सिल तोंडातून काढली.

"जाणार आहे, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "मला शिकवायचं आहे. खूप वर्षांपासून मनात होतं. एक पडदा नीट झाला की वाटायचं, हे कोणाला तरी दाखवावं, असं धर, असं फिरव. तुम्हाला दाखवून उपयोग नाही, तुम्हाला येतच नाही."

"येत नाही ते नाहीच," थोरली म्हणाली. "मग सांगितलं का नाहीस मला? मी काय खाल्लं असतं तुला?"

"रोज वाट बघत होते, तुम्ही विचाराल म्हणून. आपण होऊन सांगायला गेले असते तर रडले असते. म्हणून टाचण्या धरून बसायचे."

"अगं बाई!" थोरली म्हणाली. "मला वाटलं काम जास्त आहे."

मग तिच्याने राहवलं नाही. इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. "मला तू जायला नको आहेस. ऐकतेस? जायला नको आहेस. मला करमणार नाही. माझा नवरा चांगला आहे, पण त्याच्याशी काय बोलायचं, तो मापं सांगतो. मी सकाळी उठते ना, ती तुझं यंत्र सुरू होईल म्हणून उठते. ते ऐकू आलं नाही तर मी काय करू? कापलेलं कापड कोणाकडे फेकू?" आणि ती ढसाढसा रडायला लागली, आणि धाकटीही, आणि दोघी ओरडूनच रडत असल्यामुळे खालचा अक्षरं वाचणारा गप्प झाला.

वकीलबाईंनी पेन्सिल पुन्हा कागदावर टेकवली. मग हळूच विचारलं, "हे कुठल्या मथळ्याखाली घेऊ?"

"कुठल्याच नाही," थोरली नाक पुसत म्हणाली. "हे कागदासाठी नाही. हे तिला सांगितलंय. कागदावर हे लिहा." आणि तिने सांगायला सुरुवात केली, व्याख्या सांगितल्या होत्या त्याच तोऱ्यात. दुसरा पक्ष हॉटेलचं काम पुरं करून केव्हाही जाऊ शकेल. शिवणयंत्र दुसऱ्या पक्षाचं, ते तिने बरोबर न्यावं. धाकटी नाही म्हणाली, तशी थोरली तिच्यावर ओरडली, "नाही कसं म्हणतेस? नाहीतर शाळेतल्या खटाऱ्यावर शिवत बसशील!" पहिल्या पक्षाने दारात उभं राहून तमाशा करू नये.

"हे शेवटचं घालू?"

"घाला. मला गरज आहे."

वकीलबाईंनी घातलं. "झालं?"

"आणखी एक कलम. नवं." थोरलीने विचार केला. "दुसरा पक्ष केव्हाही, आगाऊ न कळवता, परत येऊ शकेल. राहायला, काम करायला, नुसतं बसायला. पहिल्या पक्षाने कारण विचारू नये."

"असं कलम मी आजवर कुठल्याच करारात घातलेलं नाही," वकीलबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. पण लिहिलं त्यांनी सुबक अक्षरात.

धाकटीने कागद आपल्याकडे ओढला आणि नेहमीप्रमाणे शेवटच्या ओळीपासून वाचला. "हे खोडा," ती म्हणाली. "'विचारू नये' नको. 'विचारावे' करा. दारातच विचारावे. पाणी द्यायच्याही आधी."

"विचारीन," थोरली म्हणाली. "कंटाळशील इतकं विचारीन."

वकीलबाईंनी खोडलं, वर लिहिलं, पुन्हा दोघींची आद्याक्षरं घेतली. मग पानं एकावर एक नीट लावून थोरलीसमोर ठेवली. प्रत्येक पानावर खाली सही. थोरलीने पेन हातात घेतलं, आणि ते तसंच राहिलं.

"वकीलबाई, ही आलीच नाही तर? तिकडेच रमली तर?"

वकीलबाईंनी पहिल्या कलमापासून शेवटापर्यंत सगळी पानं चाळली, जणू खरंच कुठे काही सापडेल. मग मान हलवली. "त्याला कुठलंच कलम नाही, बाई."

थोरलीने धाकटीकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग वही-कागदावर कधी काढली नसतील एवढ्या मोठ्या अक्षरांत तिने पहिल्या पानावर सही केली, पान उलटलं, आणि पुढच्यावर केली.